सूज

"सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिनं आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे. बोटं नेहमीसारखीच होती, जाड, नखं आखूड कापलेली. "कुठे?" तिनं विचारलं. "तशी दिसणारी नाही हो. आतली. रक्तात एक प्रोटीन असतं. शरीरात कुठे सूज असली की लिव्हर ते जास्त बनवायला लागतं. तुमचं बरंच वाढलंय." "पण सूज आहे कुठे?" "एका जागी अशी नसते, आजी. सगळीकडे थोडी थोडी. चरबीत, रक्तवाहिन्यांत. धुमसत असते म्हणा ना." आजी या शब्दानं ती जरा दचकली. पोहण्याच्या तलावावर तिला कुणी आजी म्हणत नसे. तिथे ती बाई होती, नुसती बाई, आणि निम्म्या गावाला तिनं पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ती रोज सकाळी जाऊन पोहून येई. आली होती तीसुद्धा तलावासाठीच. नव्या मॅनेजरनं फर्मान काढलं होतं की साठीच्या पुढच्या प्रत्येकानं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं, त्याशिवाय पाण्यात पाय नाही. तिला वाटलं होतं, शिक्क्याचं काम आहे, गेलं की झालं. मग कमरेभोवती टेप फिरली, दंडाला पट्टा आवळला गेला, उपाशीपोटी रक्त गेलं, आणि आता डॉक्टरीणबाई बोटांवर मोजत होत्या: कंबर, प्रेशर, साखर, रक्तातली चरबी. "पाच गोष्टी बघतो आम्ही. त्यातल्या तीन बिघडल्या तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार आहेत." "म्हणजे पहिल्या वर्गात पास झाले की," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, काय खायचं नाही ते सांगितलं, आणि तलावाचं विचारल्यावर म्हणाल्या, प्रेशर खाली येऊ दे, मग बघू.

बाहेर बाकावर नवरा बसला होता. एकाला दोघं म्हणून तिनं त्यालाही तपासणीला ओढून आणलं होतं, आणि त्याचं सगळं स्वच्छ निघालं होतं. "तुमचे मिस्टर अगदी ठणठणीत आहेत. वजन जरा कमी आहे, पण ते चांगलंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. इमारतीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या उभ्या बोळात, जिथे धिप्पाड माणूस शिरूच शकत नाही, तिथे तो दोराला धरून अलगद उतरायचा. कामावर त्याला काडीपहिलवान म्हणायचे. चहात तीन चमचे साखर, पावावर बोटभर लोणी, चालायचा कंटाळा. आणि ती, जी जन्मभर पाण्यात हातपाय मारत आली, तिच्या पोटात धुमसतंय. रस्त्यानं जाताना तोच म्हणाला, "काडीपहिलवान पास आणि पहिलवान नापास. परीक्षकच बोगस दिसतोय." ती हसली. हसताना आपण हसतोय हे तिला बाहेरून दिसत होतं, दुकानाच्या काचेत दिसावं तसं. रस्त्यावर माणसं चालली होती, त्यातल्या कुणाच्या आत काय चाललंय हे वरून कळत नव्हतं, आणि हे तिला त्या दिवसापर्यंत कधी खटकलंही नव्हतं.

दुपारी ती पलंगावर उताणी पडून सूज शोधू लागली. वेड्यासारखं. मान, खांदे, बरगड्यांच्या खाली, मांड्या. दाबून पाहिलं तर कुठे काही दुखेना. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखण्याला एक जागा असते, त्यावर हात ठेवता येतो. शरीर म्हणजे तिचं काय होतं? तिनं त्याबद्दल कधी विचारच केला नव्हता. ते होतं आणि ते ऐकत होतं. पाण्यात उडी टाकली की ते आपोआप सरळ व्हायचं. शाळेतल्या मुली तिला हसायच्या, दारात अडकशील एवढी आहेस म्हणून, आणि मग तलावाच्या दुसऱ्या काठाला ती पोचलेली असायची तेव्हा त्या मध्येच धापा टाकत असायच्या. पुढे तिनं शिकवायला सुरुवात केली तेव्हा पोरं तिच्या तळहातावर पाठ टेकून आडवी व्हायची, डोळे गच्च मिटून. ती म्हणायची, मी धरलंय. आणि म्हणता म्हणता हात खाली काढून घ्यायची, न सांगता. पोर तसंच तरंगत राहायचं, कारण त्याला हात काढल्याचं ठाऊक नसायचं. आता तिला वाटलं, तिच्याही खालचा हात कधीतरी कुणी काढून घेतला होता आणि ती उगाच आपली तरंगत होती. आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तिला पाण्याची खोली दिसली. तिनं पोटावर हात ठेवला. पोट गरम होतं. पोटं गरमच असतात, ती स्वतःला म्हणाली, पण हात काढला नाही.

दुसऱ्या शहरातून मुलाचा फोन आला. त्याला बापानं आधीच सांगून ठेवलं होतं. "आई, आता सगळं बंद. साखर बंद, लोणी बंद, पाव बंद. मनावर घे. तू एकदा मनावर घेतलंस की घेतलंस, मला माहीत आहे." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली थोडी घाईही होती, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलणाऱ्याची. तिनं मनावर घेतलं. साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. लोणी गेलं, पाव गेला, बटाटे गेले. उकडलेल्या भाज्या, काकडी, मूठभर भात. पहिल्या दिवशी जेवायला बसताना तिनं नवऱ्याला वेगळं वाढायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "हे कुणासाठी?" "तुमच्यासाठी. तुम्हाला काय झालंय?" "तुझ्यासमोर बसून मी लोणी लावून खाऊ? घशाखाली उतरायचं नाही माझ्या. तू खाशील तेच मी." "अहो, कशाला उगाच?" "आणि दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार? एक पातेलं चढव, दोघं जेवू." शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम जोडलं हे तिच्या लक्षात आलं. असा मोठा बोल तोंडातून गेला की त्यावर काहीतरी व्यवहारातलं झाकण ठेवायची त्याची सवय होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, आवडतेस असं तो एकदाही म्हणाला नव्हता. फार तर बिघडलेली शिलाई मशीन न सांगता दुरुस्त करून ठेवायचा. म्हणून तिनं ते वाक्य तसंच घेतलं, जपून ठेवलं. भाजीवाल्या बाईला सांगितलं, शेजारी सांगितलं. "माझ्यासाठी त्यांनीसुद्धा सगळं सोडलंय हो." सांगताना तिचा ऊर भरून यायचा.

मग तिनं स्वतःला शिकवणीला लावलं. पोरांना जशी लावायची तशी, दयामाया नाही. सकाळी बागेला फेऱ्या, संध्याकाळी पुन्हा. कपडे सैल व्हायला लागले तशी आरशापुढे ती एका बाजूला वळून उभी राहून बघायची. नवऱ्याचेही कपडे सैल होत होते. एक दिवस त्यानं हत्यारांची पेटी काढली आणि पट्ट्याला नवं भोक पाडलं, अगदी मन लावून, जुनं काम हाती आल्यासारखं. काही आठवड्यांनी आणखी एक. "बघा, कसे तरणेबांड दिसायला लागलात," ती म्हणाली होती. तो हसला होता. आता ते आठवलं की तिला त्याच्या हसण्यातले दात दिसतात, नेहमीपेक्षा मोठे. दात मोठे झालेले नसतात, गाल आत गेलेले असतात. हे तेव्हाही दिसत होतंच. पण तिचं सगळं बघणं तेव्हा आत वळलेलं होतं, स्वतःच्या रक्ताकडे, आणि समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस तिच्या बघण्याच्या वाटेत फक्त होता.

पुन्हा तपासणी झाली. कंबर कमी, साखर कमी, प्रेशरही उतरलेलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आणि ते प्रोटीन?" तिनं विचारलं. त्यांनी कागद जरा जवळ धरला. "ते आहे तेवढंच आहे. थोडं वर गेलंय म्हणा." "वर? मी एवढं केलं आणि वर?" "कधी कधी असतं असं. कुणाच्या हिरड्या असतात, कुणाचे सांधे, कुणाचं घराण्यातच असतं. कारण प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. आपण बघत राहू." "मी अजून काय करू?" "करताय तेच करा. छान चाललंय तुमचं." सर्टिफिकेटही मिळालं, शिक्क्यासकट. पण ते तिनं पर्समध्ये घडी करून ठेवलं आणि तलावावर गेलीच नाही. बघत राहू. काय बघत राहायचं? घरात कुठेतरी जळल्याचा वास येतोय आणि सगळ्या खोल्या फिरून आल्यावर कुणी म्हणावं, बसा, बघत राहू. ती बसली नाही. त्याच दिवशी तिनं ठरवलं की संध्याकाळचं जेवणच बंद, नुसतं भाज्यांचं पाणी. नवऱ्यानं वाटी हातात घेतली, आत पाहिलं. तळाला गाजराची एक चकती होती. "तुम्ही थोडा भात घ्या हवं तर," ती म्हणाली. "नको. सूप तर सूप," तो म्हणाला आणि फुंकर घालून प्यायला. दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

थंडी पडली तसा त्याला खोकला धरला. तो दुपारी झोपायला लागला, मग सकाळीही. वाटीतलं सूप अर्धं राहायला लागलं. ती म्हणायची, वय झालं की भूक मंदावते. एकदा आंघोळ करून तो बाहेर येईना. तिनं हाक मारली तर आतून आवाज आला, "अगं, जरा हात दे." तो स्टुलावर बसला होता, टॉवेल मांडीवर, आणि त्याला उठता येत नव्हतं. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं, बटण दाबूनही लिफ्ट हलली नाही की माणसाचा होतो तसा चेहरा. तिनं सवयीनं पाय रोवले, त्याच्या काखेत हात घातले आणि मोठ्या माणसाला उचलायला लागतो तेवढा जोर लावला. तो इतका चटकन वर आला की ती मागच्या भिंतीवर आदळली. तिच्या हातांना माणसांची वजनं ठाऊक होती. पाण्यात धरलेली माणसं अशी हलकी लागतात, जमिनीवरची नाही. त्याला छातीशी धरून ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. त्याच्या पाठीचे मणके तिच्या बोटांना एकेक करून लागत होते आणि तो म्हणत होता, "सोड आता. पडत नाही मी." त्याला पलंगावर बसवून ती मोजे घालायला खाली वाकली. पाय मात्र गुबगुबीत होते. तिला क्षणभर बरंच वाटलं. मग तिनं अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे बघत बसली. इतके महिने ती शोधत होती ती सूज ही अशी तिच्या हातात आली, त्याच्या पायावर.

हॉस्पिटलातला डॉक्टर उंच होता आणि वाकून बोलायचा. छातीत इन्फेक्शन होतं, त्याची औषधं सुरू झाली. "पण मला जास्त काळजी दुसरी आहे. यांचं अल्ब्युमिन फार खाली गेलंय." "म्हणजे?" "रक्तातलं एक प्रोटीन. लिव्हर बनवतं." तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "ते वाढलं की वाईट ना?" "ते वेगळं, आजी. हे कमी झालं की वाईट. म्हणून तर पायावर पाणी उतरलंय. खातात काय हे?" तिनं सांगितलं. सांगताना आपला आवाज शेजाऱ्यांना सांगायचा तसाच अभिमानाचा लागतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती मध्येच थांबली. डॉक्टर आणखी खाली वाकला. "मुळात सडपातळ माणूस, त्यात हे वय. इतकं कमी खाल्लं की शरीर आपलंच मांस खायला लागतं. यांना अंडी हवीत, दूध हवं, मासे, लोणी, सगळं." "म्हणजे माझ्यामुळे झालं हे." "तसं नाही म्हणता येणार. इन्फेक्शननंही अल्ब्युमिन उतरतं. वयही आहे. सगळं मिळूनच होतं हे." "पण मी खायला घातलं असतं तर?" "आता ते कसं सांगणार?" तो म्हणाला. तो चांगला मुलगा होता, तिला वाईट वाटू नये म्हणून बोलत होता. तिला तर कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, किंवा नाही म्हणायला. दोन्ही डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं ते एवढंच, की सगळीकडे थोडं थोडं असतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नळ्या लावलेला हात पांघरुणाबाहेर होता आणि तो छताच्या कोपऱ्यात बघत होता, तिथली पत्र्याची झडप नीट बसवलेली नव्हती म्हणून.

खोकला गेला, तो घरी आला. भूक मात्र आली नाही. स्वयंपाकघरात पुन्हा लोणी आलं, दूध आलं, अंडी आली. ती बटाटे कुस्करून त्यात लोणी घाली, मऊ करी, चमचा त्याच्या ओठांशी नेई. "नको." "एकच." "नको गं. जात नाही." तिनं चुचकारलं, ओरडून पाहिलं, लहान पोरांना भरवताना करतात तशा नकला करून पाहिल्या. एकदा तर ती चक्क रडली आणि तो कानकोंडा होऊन म्हणाला, "बरं, दे," आणि घास तोंडात तसाच धरून बसला. फोनवर मुलगा म्हणाला, "आई, बाबांना भरव काहीही करून. पण तू नको हं त्यांच्याबरोबर खाऊ. तुझं परत वाढेल." "नाही खात," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं. दोन ताटं करायची, त्यात काय अवघड आहे?

त्या दुपारी तिनं स्वतःची काकडी चिरून ठेवली होती आणि त्याला भरवत होती. त्यानं ओठ मिटून घेतले. मग तिच्या ताटाकडे पाहत विचारलं, "तू?" "मला हे चालत नाही. तुम्ही खा." "मग मलाही नको." "अहो, आता तो हट्ट सोडा. डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला." "हट्ट नाही गं," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. "एकट्यानं नाही जात आता. काय करू?" त्यालाही ते कळत नव्हतं. इतके महिने तो तिच्या तोंडाकडे बघून जेवला होता. ती चावायला लागली की त्यानं चावायचं, तिनं वाटी ठेवली की त्यानं ठेवायची. भुकेच्या जागी त्यानं तिला बसवलं होतं आणि भूक कधी निघून गेली ते त्याला कळलंही नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. लोण्याची चव जिभेवर पसरली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती चव चांगली होती. त्यानं तोंड उघडलं. एक घास गेला. तिनं खाल्ल्याशिवाय दुसऱ्या घासाला त्यानं तोंड उघडलं नाही. तिनं खाल्लं, त्यानं खाल्लं.

तिनं लबाडीही करून पाहिली. रिकामा चमचा तोंडात घालून चघळल्यासारखं केलं, तर तो म्हणाला, "गिळलंस कुठे?" आपल्या वाटीत लोण्याविना वेगळं कालवलं, तर त्याची नजर दोन्ही वाट्यांवरून फिरली. "हे पांढरं आणि ते पिवळं का?" जन्मभर तारा तपासलेल्या माणसाचे डोळे. मग तिनं सोडून दिलं. एकाच वाटीत दोघं जेवू लागली. आठवड्यांमागून आठवडे गेले तसं तिला आपल्या अंगातलं सगळं परत येताना कळू लागलं. जेवल्यावर कानशिलं तापायची, कानात ठोके ऐकू यायचे, सैल झालेले कपडे कमरेला पुन्हा भेटायला लागले. गोळ्या ती घेत होती. त्याच्या पायावर रोज सकाळी अंगठा दाबून बघत होती. खड्डा अजून पडत होता, पण लवकर भरून यायला लागला होता, किंवा तिला तसं वाटत होतं. तिला काहीच धडपणे वाटेनासं झालं होतं. त्याच्यासाठी जे हिताचं, ते तिच्या अंगात कुठेतरी जाऊन धुमसत होतं, आणि दोन्ही एकाच चमच्यानं आत जात होतं. यातलं कुणाला सांगायचं? मुलाला सांगितलं तर तो बाई ठेवील, जेवू घालायला. बाईच्या तोंडाकडे बघून त्याचा बाप जेवणार आहे का?

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती बटाटे सोलत होती. "आजी, तुमची तपासणीची वेळ झाली. उपाशीपोटी यायचं बरं का. आणि मधे पथ्य नीट चाललंय ना?" पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "चाललंय," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं बटाटे कुस्करले, मीठ घातलं, लोणी घातलं, वाटी घेऊन आत गेली. तो उशीला टेकून बसला होता. खिडकीतून ऊन त्याच्या पांघरुणावर आलं होतं आणि त्या उजेडात त्याचे गाल थोडे भरल्यासारखे दिसत होते. तिनं पहिला घास खाल्ला, त्याला दिला. त्यानं तो तोंडात घोळवला, गिळला, आणि जरा विचार करून म्हणाला, "लोणी कमी पडलंय आज."

ती थबकली. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यानं काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा तीच पुढे करायची. "काय म्हणालात?" "लोणी. जरा अजून घाल की." तो तिच्याकडे बघत होता, जरासा ओशाळून, जास्तीचं मागितल्यासारखा. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि त्याच वेळी कानात ठोके सुरू झाले, एकावर एक. ती उठली, लोण्याचं भांडं घेऊन आली. वाटीच्या त्याच्या बाजूला तिनं एक चमचा लोणी घातलं. तो बघत राहिला. तिनं वाटी कालवून एक केली, चमचा काठोकाठ भरला, आणि आधी स्वतः तोंड उघडलं.